फोनमध्ये घुमट का ऐकू येत नाही

चवथीला मामाकडची आरत मी दरवर्षी फोनवर रेकॉर्ड करते. गोव्यात फोंड्याजवळचं जुनं घर, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, माटोळीखाली (फळं-पानं टांगलेल्या मांडवाखाली) गणपती आणि समोर दोन घुमटं (मातीच्या घड्यावर चामडं ताणलेलं आमचं गोव्याचं वाद्य), एक शामेळ (काठ्यांनी वाजवायचा छोटा ढोल), कासाळं (मोठ्या झांजा), आणि ज्यांना गळा आहे ते आणि ज्यांना नाही तेसुद्धा. तिथे बसलं की घुमटाचा आवाज कानाच्या आधी पोटात जाणवतो. आणि मग घरी येऊन फोनवर लावलं की काय, तर कासाळं खण्ण खण्ण, मामाचा वरचा सूर, मधेच कोणाचं तरी पोर रडतंय, आणि घुमटाच्या जागी कोणीतरी प्लास्टिकच्या डब्यावर बोटं आपटतंय असं टप टप टप.

कितीतरी वर्षं मला वाटायचं फोनचा माईकच टाकाऊ. मग माझ्या मामेभावाने एक रेकॉर्डर घेतला (हा प्राणी कुठलीही वस्तू घेण्याआधी चार दिवस रिव्ह्यू बघतो आणि घेतल्यावर खोका कधी फेकत नाही) आणि खोक्याची मागची बाजू माझ्यासमोर धरली, "ताई, बघ, २० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे माणसाला ऐकू येतं ते सगळं यात येणार." त्या वर्षी रेकॉर्डर लावला. घुमट आलं नाही. उलट फोनपेक्षाही कमी आलं.

तो आकडा खोटा नव्हता बरं का. फक्त त्या आकड्यात आम्हाला जे पाहिजे होतं ते नव्हतंच. हे नीट कळायला माझी दोन चवथी गेल्या, तुमची जाऊ नये म्हणून लिहितेय.

आधी हर्ट्झ म्हणजे काय ते पटकन. आवाज म्हणजे हवेचं मागेपुढे होणं, आणि एका सेकंदात ते किती वेळा होतं ती त्याची फ्रिक्वेन्सी, आणि ती मोजायचं माप म्हणजे हर्ट्झ. पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबली की साधारण ४४०, खालच्या सप्तकातली तीच पट्टी २२०. बोलताना पुरुषाचा आवाज ढोबळमानाने १०० च्या थोडा अलीकडे-पलीकडे, बाईचा २०० च्या आसपास. पण हा झाला फक्त पायाचा सूर, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे सूर त्याच्यासोबतच निघत असतात आणि त्यांच्या कमीजास्त प्रमाणावरूनच आपल्याला कळतं की ही पेटी आहे, हा मामा आहे आणि हा मामेभाऊ आहे. 'स' मधली शीळ पाच ते आठ हजाराच्या घरात असते, कासाळ्यांची झणझण दहा हजाराच्याही वर जाते. माणसाचा कान २० ते २०,००० ऐकतो म्हणतात ते तरुण आणि धडधाकट कानाबद्दल, वरची हद्द वयाबरोबर खाली सरकत येते, त्यामुळे मामाला त्या कासाळ्यांचा जेवढा त्रास व्हायला पाहिजे तेवढा होत नाही.

आता फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स. पंगत डोळ्यासमोर आणा. वाढपी वरणाचं भांडं घेऊन निघाला, पानं मांडलीयत २० नंबरपासून २०,००० नंबरपर्यंत. त्याने प्रत्येक पानावर बरोब्बर एकेक पळी वाढली तर त्याला म्हणायचं फ्लॅट. पण वाढपी माणूस आहे, ओळखीच्या लोकांना दोन पळ्या जातात, टोकाला बसलेल्यांपर्यंत पोचेस्तोवर भांडं खरवडून अर्धी पळी. कुठल्या पानावर किती पडलं त्याचा आलेख म्हणजे फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स. आणि खोक्यावर जे "२० ते २०,०००" लिहिलेलं असतं ते फक्त एवढंच सांगतं की पंगत इथून तिथपर्यंत बसली होती. कोण जेवलं आणि कोण नुसतं पान बघून उठलं ते त्यात नाही.

म्हणून आकड्याच्या पुढे अधिक-उणे किती डेसिबल (आवाजाचा जोर मोजायचं माप) ते लिहिलंय का ते बघायचं. ±३ डेसिबल असेल तर ठीक, पानापानात तेवढाच फरक. डेसिबलचा हिशोब थोडा विचित्र आहे, ३ डेसिबल वाढले म्हणजे पॉवर दुप्पट, पण कानाला मात्र आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. त्यामुळे एखाद्या स्पीकरवर लिहिलं असेल की ५० हर्ट्झपासून, आणि बारीक अक्षरात उणे १०, तर ५० हर्ट्झ तिथे आहे खरा पण इतरांच्या निम्म्या आवाजात. आणि काहीच लिहिलं नसेल तर तो आकडा वाचून सोडून द्यायचा. मी तर आता खोका बघतच नाही, कंपनीच्या साईटवर आलेख असेल तर तो उघडते.

दुसरी गोष्ट, वाढपी एक नसतो. घुमटापासून कानापर्यंत रांग आहे, खोली, माईक, रेकॉर्डरच्या आतलं सर्किट, फाईल, स्पीकर, परत जिथे बसून ऐकता ती खोली आणि शेवटी तुमचा स्वतःचा कान. प्रत्येकाचा आपला आलेख, आणि डेसिबलमध्ये असल्यामुळे सगळ्यांची सरळ बेरीज होते. माईकने १०० हर्ट्झला ६ कापले, स्पीकरने २० कापले, झाले २६. माईक बदलून तुम्ही फार तर ते ६ परत मिळवणार. आमचं नेमकं हेच झालेलं, आम्ही चोर सोडून बाजूच्या माणसाला धरलं होतं.

चोर होता फोनचा स्पीकर! हे कळलं ते अपघाताने, बसमध्ये हेडफोन लावून ती जुनी रेकॉर्डिंग ऐकत होते आणि एकदम घुमट आलं. पूर्ण नाही, पण आलं. म्हणजे फोनच्या माईकने ते पकडलं होतं, फोनच्या स्पीकरने गिळलं होतं. कारण साधं आहे, खालचा सूर काढायला भरपूर हवा ढकलावी लागते, आणि आवाज तेवढाच ठेवून फ्रिक्वेन्सी निम्मी केली तर स्पीकरच्या पडद्याला चौपट लांब हलावं लागतं. ४०० वरून १०० वर यायचं तर सोळापट. नखाएवढा तो पडदा, तो कुठून हलणार, चारपाचशे हर्ट्झच्या खाली तो जवळजवळ हात वर करतो.

मग विचाराल की फोनच्या स्पीकरवर मामाचा भारदस्त आवाज कसा काय ओळखू येतो, त्याचा पाया तर शंभरावर आहे. इथे मेंदू गंमत करतो. १०० नाही आला तरी ५००, ६००, ७००, ८०० हे वरचे सूर येतात, त्यांच्यातलं अंतर सारखं १०० चं आहे, मेंदू म्हणतो म्हणजे पाया १०० चा असणार, आणि तो सूर आपल्याला "ऐकू" येतो, हवेत नसताना. जुन्या टेलिफोनची सगळी मदार यावरच होती, ती लाईन फक्त ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढंच नेत होती आणि तरी आजोबांचा आवाज आजोबांचाच वाटायचा. पण घुमटाच्या घुमाऱ्यात असे शिस्तीत वर चढत गेलेले सूर फारसे नसतात, जे काय आहे ते खालीच. मेंदूला धागाच मिळत नाही, मग उरते नुसती बोटाची थाप. टप टप.

घुमट मुळात बनलंय कसं ते बघितलं की हे आणखी पटतं. मातीचा घडा, दोन्ही बाजूंनी उघडा, मोठ्या तोंडावर चामडं, धाकटं तोंड मोकळं. (पूर्वी चामडं घोरपडीचं असायचं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर घोरपडीला हात लावता येत नाही, आता बकरीचं लावतात, आणि कुठलं बरं यावर आमच्याकडे जेवण थंड होईपर्यंत वाद चालतो.) उजव्या हाताने चामड्यावर वाजवायचं आणि डाव्या हाताने मागचं तोंड उघडझाप करायचं. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो हूं येतो ना, तोच प्रकार, घड्यातली हवा स्प्रिंगसारखी आतबाहेर होते आणि तिची म्हणून एक ठरलेली फ्रिक्वेन्सी असते. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात या पोकळ्यांचा अभ्यास केला म्हणून याला हेल्महोल्ट्झ रेझोनेटर म्हणतात. हाताने तोंड झाकत नेलं की ती फ्रिक्वेन्सी खाली येते. म्हणजे घुमट वाजवणारा माणूस चालू वाद्याचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स डाव्या हाताने बदलत असतो! २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, व्हिडिओ टाकले, आणि ते सगळे आपण फोनच्या स्पीकरवर बघितले.

हे दुखणं नवीन नाही पण. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जानचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा वीज नव्हतीच त्या कामात, गायकाने एका मोठ्या भोंग्यात तोंड घालून गायचं, भोंग्याच्या टोकाला पडदा, पडद्याला सुई, सुई मेणात रेघ ओढणार. त्या सगळ्या जोडणीतून ढोबळमानाने दोनअडीचशे ते दोनअडीच हजार हर्ट्झ एवढंच पार व्हायचं. म्हणून त्या तबकड्यांवर गळा येतो, सारंगी येते, आणि तबल्याचा डग्गा कुठेतरी शेजारच्या घरात वाजतोय असं वाटतं. १९२५ पासून माईक आणि ॲम्प्लिफायर लावून विजेवर रेकॉर्डिंग सुरू झालं आणि वरची हद्द पाचसहा हजारापर्यंत गेली, खाली शंभराच्याही खाली. आपल्या गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या या नंतरच्या काळातल्या, त्यातलीच एक भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीवर गेली आणि आता ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे. पण गंमत बघा, खिशातल्या फोनचा स्पीकर खालच्या बाजूने त्या १९०२ च्या भोंग्याच्याही मागेच आहे. वरचं सगळं सुधारलं, खालचं नाही, कारण हवा ढकलायची ती ढकलावीच लागते.

बरं, रेकॉर्डरवर फोनपेक्षा कमी घुमट का आलं ते राहिलं. तर रेकॉर्डरच्या कडेला एक इवलंसं बटण होतं, 'लो कट'. ते चालू होतं. वाऱ्याची घरघर, हात लागल्याची खरखर हे सगळं खालच्या फ्रिक्वेन्सीत असतं, ते काढायला हे बटण ठराविक फ्रिक्वेन्सीच्या खालचं कापत जातं, भाषण रेकॉर्ड करताना उत्तम. आम्ही ते बटण दाबून घुमट शोधत होतो. मामेभावाला आजही मान्य नाही की ते त्याने चालू केलं, मीही केलेलं नाही, म्हणजे गणपतीनेच केलं असणार.

आणि एक होतं, ऑटो गेन. फोनमध्ये तर ते असतंच, रेकॉर्डरमध्ये बंद करता येतं. कासाळं जोरात वाजली की यंत्र घाबरून सगळाच आवाज खाली ओढतं आणि परत हळूहळू वर आणतं, म्हणजे प्रत्येक खण्णनंतर घुमट दबणार. त्यात भर म्हणून फोनचं सॉफ्टवेअर आवाज "स्वच्छ" करतं, त्याच्या मते बोलणं सोडून बाकी सगळा कचरा. हा रिस्पॉन्स खोक्यावरच्या आलेखात कधीच दिसत नाही कारण तो दर सेकंदाला बदलतो.

कोणीतरी म्हणेलच, मग नंतर ईक्यूमध्ये बेस वाढव ना. केलं. ईक्यू म्हणजे वाढप्याला सांगणं की बाबा त्या कोपऱ्यातल्या पानांवर जास्त वाढ, पण भांड्यात वरण असेल तर वाढेल. जिथे घुमट पकडलंच गेलं नव्हतं तिथे बेस १२ डेसिबलने उचलला तर काय वर आलं, फ्रिजची घूंघूं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मोटर, ट्रान्सफॉर्मर, खराब केबल हे सगळे ५० आणि १०० वर गुणगुणत असतात, बरोब्बर घुमटाच्या शेजारी. थोडं हरवलेलं उचलता येतं, मुळात नसलेलं उचलता येत नाही.

खोलीबद्दल मात्र थोडं सावकाश लिहिते, कारण लोक माईकवर हजारो रुपये घालतात आणि खोलीकडे बघतसुद्धा नाहीत. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. त्याला फ्रिक्वेन्सीने भागलं की लाटेची लांबी मिळते. १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब, १०,००० ची साडेतीन सेंटिमीटर. एवढं एक लक्षात ठेवलं तरी खूप कोडी सुटतात. हणजूण-वागातोरकडे रात्री कुठेतरी पार्टी चालू असते आणि डोंगराच्या अलीकडे गावात फक्त धप धप धप येतं, गाणं कुठलं ते कळत नाही, कारण लांब लाट टेकडी, भिंत, माडांची रांग याला वळसा घालून येते आणि छोटी लाट समोरच्या भिंतीवर आपटून तिथेच संपते. (रात्री दहानंतर ते धप धप कायद्याने बंद असायला पाहिजे, पण तो विषय वेगळा.) आरतीत तुम्ही फोन धरून कोणाच्या तरी पाठीमागे उभे असाल तर कासाळ्यांची झणझण त्याच्या पाठीने अडवली, घुमट मात्र त्याला वळसा घालून आलं.

आता बंद खोलीत काय होतं. समजा भिंतीपासून भिंतीपर्यंत ३.४ मीटर. ५० हर्ट्झची लाट सात मीटरच्या जरा आत, म्हणजे अर्धी लाट त्या दोन भिंतींमध्ये जेमतेम फिट बसते, ती तिथेच अडकून डोलत राहते. भिंतीपाशी ती फुगते आणि खोलीच्या बरोब्बर मधोमध मरते. १०० हर्ट्झवर पूर्ण लाट बसते, ती मधोमध परत फुगते आणि पाव अंतरावर मरते. म्हणजे त्याच खोलीत, त्याच माईकवर, दोन पावलं सरकलं की घुमट वेगळं. मामेभावाच्या फोंड्यातल्या फ्लॅटमध्ये, वर स्लॅब, खाली गुळगुळीत टाईल्स, चौकोनी खोली, तिथे आम्ही एकदा घुमट वाजवून बघितलं तर एक ठोका असा घुमायचा की खिडकी थरथरायची आणि पुढचा ठोका गायब. मामाच्या घरात हे होत नाही, कौलांच्या फटींतून अर्धा बेस आकाशात जातो, चिऱ्याची भिंत खडबडीत, त्यात गाद्या, माणसं, माटोळी. जुनी घरं आवाजाला बरी म्हणतात त्यात नुसती आठवण नसते, थोडं भौतिकशास्त्रही असतं. तोटा एकच, पाऊस आला की कौलांवरचा सगळा तडतडाट माईकमध्ये.

माईकबद्दल. ढोबळ दोन जाती, डायनॅमिक आणि कंडेन्सर. डायनॅमिकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं चिकटलेलं असतं, ते चुंबकाजवळ हलतं आणि वीज तयार होते, मजबूत काम, पडलं तरी चालतं, पण वेटोळ्याचं ओझं असल्यामुळे अगदी वरच्या फ्रिक्वेन्सीला पडदा तेवढा चपळ राहत नाही. स्टेजवर सगळीकडे दिसणारा जाळीदार गोल डोक्याचा शुअर एसएम ५८ घ्या, १९६६ पासून बनतोय, कंपनीच सांगते ५० ते १५,००० हर्ट्झ, आणि तो फ्लॅटसुद्धा नाही, खाली उतरता आणि चारपाच हजाराच्या आसपास मुद्दाम थोडा उंच. तिथे व्यंजनं असतात, शब्द कळतात, म्हणून. साठ वर्षं जग त्यावर गातंय. फ्लॅट म्हणजे चांगला आणि वाकडा म्हणजे वाईट असं काही नाही, वाकडेपणा कशासाठी केलाय ते माहीत पाहिजे. कंडेन्सरमध्ये अगदी पातळ पडदा, त्याला बहुतेक वेळा केबलमधूनच ४८ व्होल्ट द्यावे लागतात, तो वरपर्यंत छान जातो, बारीकसारीक सगळं पकडतो, शेजारच्या कोंबड्यासकट. आपल्या पावसाळ्यात मात्र त्याला जपावं लागतं, आत दमटपणा गेला की चरचर सुरू. मी तांदळाच्या डब्यात ठेवायचे, मग शहाणपण आलं आणि सिलिका जेलच्या पुड्या घेतल्या.

आणि अंतर. समोरचाच आवाज घेणारे जे माईक असतात, कार्डिऑइड म्हणतात, त्यांना तोंडाजवळ नेलं की खालच्या फ्रिक्वेन्सी फुगतात, माईक तोच, खोक्यावरचा आकडा तोच, पण चार बोटांवरचा आलेख वेगळा आणि हातभर लांबचा वेगळा. निवेदक माईक ओठाला लावून एकदम भारदस्त होतात ते यामुळेच. घुमटाला हे वापरता येतं, माईक जवळ नेला तर घूम आपोआप भरतो. पण कुठे जवळ? चामड्यासमोर ठेवला तर थाप येते, मागच्या मोकळ्या तोंडाशी ठेवला तर घुमारा येतो पण हाताच्या प्रत्येक हालचालीला हवेचा झोत माईकवर, फप् फप्. आम्हाला मागच्या तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरकं हे बरं वाटलं. दर घुमटाला वेगळं निघेल, कान लावून बघायचं.

जत्रेतल्या नाटकांबद्दल एक तक्रार इथेच करून टाकते. कुठल्या गावची ते सांगत नाही. साऊंडवाला येतो आणि सगळ्यात आधी ईक्यूच्या पट्ट्यांचं हसू काढतो, खालच्या वर, वरच्या वर, मधल्या खाली. गाणं लावून बघताना मस्त वाटतं. मग नाटक सुरू होतं आणि दुसऱ्या रांगेतला माणूस विचारतो, काय म्हणाला रे? कारण शब्द हजार ते चार हजारात राहतात आणि तिथेच खड्डा. ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवायचा, आवाज वाढवला की कूंऽऽऽ. ते कूं पण फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचंच अपत्य आहे, माईक, स्पीकर आणि मंडप यांची बेरीज करून ज्या फ्रिक्वेन्सीला सगळ्यात उंच टोक असतं तिथे आवाज स्पीकरमधून माईकमध्ये, माईकमधून स्पीकरमध्ये असा फिरत सुटतो, म्हणून शिट्टी नेहमी एकाच सुरात वाजते. जाणकार माणूस नेमकी ती एक पट्टी थोडी खाली करतो आणि बाकीचं तसंच ठेवतो. बाकीचे मास्टरच, म्हणजे सगळाच आवाज, खाली करतात.

फाईलचं जास्त काही नाही. डिजिटलमध्ये सेकंदाला जितके नमुने घेता त्याच्या निम्म्यापर्यंतच फ्रिक्वेन्सी साठवता येते, सीडी १९८२ मध्ये आली तेव्हा ४४,१०० ठरवले ते २०,००० च्या दुपटीच्या थोडं वर म्हणून. व्हिडिओसोबत ४८,००० वापरतात. आरतीसाठी ९६,००० लावून कार्ड भरण्यात अर्थ नाही, कारण आपलं हरवलंय ते खालचं, आणि नमुन्यांची संख्या हद्द घालते ती वर. फक्त एक करा, व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर व्हॉइस नोट म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बोलण्याच्या मापाने दाबून टाकलेला आवाज पुढे जातो.

आणि शेवटचा वाढपी, कान. तो सगळ्यात वाकडा. अमेरिकेतल्या बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की सगळ्या फ्रिक्वेन्सी आपल्याला सारख्या ऐकू येत नाहीत, आणि त्यातही आवाज जितका हळू तितका खालचा भाग जास्त हरवतो. हळू आवाजात १,००० हर्ट्झचा सूर जेवढा ऐकू येतो तेवढाच १०० हर्ट्झचा ऐकू यायला वीसहून जास्त डेसिबल ज्यादा द्यावे लागतात, मोठ्या आवाजात हा फरक कमी होतो. रात्री सगळे झोपल्यावर मी अगदी बारीक आवाजात बसून बेस वाढवला, छान वाटलं, सकाळी मामाच्या मोठ्या स्पीकरवर लावलं तर गणपतीसमोरची समई हलायला लागली.

तर या वर्षी आम्ही काय केलं ते सांगते. रेकॉर्डर घुमटांपासून दीडेक मीटरवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर, भिंतीपासून लांब पण खोलीच्या मधोमध नाही. कासाळंवाल्या काकांना गोड बोलून दुसऱ्या टोकाला बसवलं. लो कट बंद, दोघांनी दोनदा तपासलं. ऑटो गेन बंद, लेव्हल कमीच ठेवली, सगळे बेंबीच्या देठापासून ओरडतात तेव्हासुद्धा लाल दिवा लागला नाही पाहिजे. एक डायनॅमिक माईक घुमटाच्या मागच्या तोंडाशी तिरका. फ्रिज आरतीपुरता बंद, त्यावर मामीने जे सुनावलं तेही रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आहे.

दुसऱ्या दिवशी मामाला हेडफोन लावून ऐकवलं. घुमट आलं होतं, थाप आणि घूम दोन्ही. मी आणि मामेभाऊ त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्याने पूर्ण ऐकलं, हेडफोन काढून ठेवले.

"चामडं सैल पडलेलं गो काल. पाऊस किती होता. आधी जरा शेकवायला पाहिजे होतं."